चाळिशी आणि स्क्रीनमधलं अंतर

प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर) करूनही दिवसभर स्क्रीनवर काम केलं की संध्याकाळी मान धरते, अशी एकाची तक्रार आहे. माझंही दोन वर्षं तेच. मी बिचाऱ्या उशीला दोष देत होतो. मग एका सहकाऱ्याने काम करताना माझा फोटो काढून दाखवला. हनुवटी वर, नाक छताकडे! प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा नंबर काचेच्या तळाशी असतो आणि स्क्रीन समोर. मधल्या अंतराची पट्टी अरुंद, मग मान उचलावीच लागते.

पेपर आपण साधारण ४० सेंमीवर धरतो, मॉनिटर असतो ६०-७० वर. म्हणून स्क्रीनचा नंबर वाचायच्या नंबरापेक्षा कमी लागतो. डोळा ते स्क्रीन अंतर घरूनच टेपने मोजून न्या (माझं ६५ भरलं) आणि तपासताना तेवढ्यावरच अक्षरं वाचून बघा. मी त्या नंबराचा साधा चष्मा केला, तो ऑफिसच्या खणातच असतो. घालून जिना मात्र उतरू नका.

निळ्या प्रकाशाच्या कोटिंगला मी जादा पैसे मोजले, फरक शून्य. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात. त्यात एसीचा झोत तोंडावर असेल तर आधी खुर्ची फिरवा.