तीर्थ की क्षेत्र? (आणि देऊळ की मंदिर?)

प्रश्न : एका हिंदी माहितीपत्रकाचं मराठी करतेय. नाशिकच्या गोदावरीतल्या रामकुंडाच्या नावापुढचं 'तीर्थस्थल' मी 'तीर्थक्षेत्र' केलं. मामांनी खोडलं. "रामकुंड तीर्थ, नाशिक क्षेत्र. क्षेत्राला शीव असते, तीर्थाला पाणी." पटतं का?

पंचवटीकर : मामा बरोबर आहेत. त्र्यंबकलाही कुशावर्त हे तीर्थ आणि गाव श्रीक्षेत्र. माझ्या आजीला मात्र यातला एकही शब्द लागला नाही. पहाटे तांब्या घासून 'गंगेवर जाऊन येते' म्हणायची. गोदावरी हे नाव तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

लेणीवेडा : 'तॄ' म्हणजे तरणं, तीर्थ म्हणजे मुळात पाण्यात उतरायची जागा. पांडवलेण्यात दहाव्या लेण्यातला उषवदाताचा (क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा) कोरीव लेख बघा. बार्णासा नदीवर त्याने सोनं दान केलं आणि तीर्थ करवलं, असं कोरलंय. तिथे घाट-पायऱ्या असाच अर्थ लागतो. त्याच लेखात त्रिरश्मी डोंगरावरचं 'लेण'ही आहे. म्हणून सांगतो, लेणं हे दागिन्यावरून आलेलं नाही, 'लयन' म्हणजे विसाव्याची जागा, त्यावरून आलंय.

सातपूरकर : आजोबांनी आम्हाला 'डोंगराने ल्यायलेलं लेणं' असंच सांगितलं. मला तेच खरं वाटतं.

लेणीवेडा : सुंदर आहे, पण व्युत्पत्ती नाही.

मीनाताई : आणि पळीतलं तीर्थ? उजव्या हाताच्या खळग्यात घ्यायचं, प्यायचं, ओला हात डोक्यावरून फिरवायचा. वडिलांना पत्रात 'तीर्थरूप' लिहायचो. यात घाट कुठे बसतो? शिवाय बोलताना पंढरपूरही तीर्थक्षेत्रच. मामांचा नियम पुस्तकातला.

पंचवटीकर : नियम सोडले म्हणूनच शब्द जातात, ताई. आम्ही 'काळारामाचं देऊळ' म्हणत वाढलो. आता रिक्षावालाही मंदिर म्हणतो. देवकुलाचं देऊळ, राजकुलाचं राऊळ, किती आपले शब्द! संस्कृतात मंदिर म्हणजे नुसतं घर.

मीनाताई : मग २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सत्याग्रहाला काय म्हणाल? माझ्या घरात चार पिढ्या 'काळाराम मंदिर सत्याग्रह' म्हणतात. ज्यांना देवळाचं दार बंद होतं, त्यांनी वापरलेला शब्दही मराठीच आहे.

पंचवटीकर : त्या शब्दाला माझा विरोध नाही. देऊळ मागे पडू नये, एवढंच म्हणतोय.

प्रश्नकर्ती : पत्रक उद्या छापायला जातंय. 'रामकुंड हे प्रसिद्ध तीर्थ' असं ठेवलं, तर लेक विचारते, "प्यायचं का?" काय करू?

सातपूरकर : लयनचा 'लेण' कसा झाला, ते आधी कुणी सांगेल का?