मदत हवी आहे: बार्बाडोसमध्ये तिथलीच माणसं जेवतात असे मासे कुठे मिळतील?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही न्यू जर्सीहून बार्बाडोसला जातोय. मी, नवरा, सहा वर्षांचा मुलगा आणि आई. बुधवारी दुपारी उतरणार, सोमवारी सकाळी परत. राहायचं दक्षिण किनाऱ्यावर, वर्थिंगला. गाडी भाड्याने घ्यायचा विचार नाही. तिकडे आपल्यासारखं डावीकडून चालवतात आणि नवऱ्याची ती सवय कधीच मोडलीय.

अडचण अशी की नेटवर 'बार्बाडोस सीफूड' शोधलं की पांढरे टेबलक्लॉथ, मेणबत्त्या आणि माशावर आंब्याचे चौकोनी तुकडे अशीच हॉटेलं समोर येतात. एखाद्या संध्याकाळी तेही चालेल, पण आई मालवणची आहे. तिच्या अटी: मासा आजचा हवा, पोर्क-बीफ नको, काटे असले तर उत्तम, आणि 'प्लेटीत फुलं नकोत'.

१. शुक्रवारी ऑइस्टिन्स या कोळ्यांच्या गावी जा असं जो तो सांगतोय. तिथे खरंच चव आहे की नुसती पर्यटकांची जत्रा?
२. फ्लाइंग फिश, म्हणजे त्यांचा उडणारा मासा, नीट शिजवलेला कुठे मिळेल?
३. दुपारच्या जेवणासाठी साधी टपरी, खानावळ असं काही?
४. गाडीवाचून कुठवर जमेल?

कोणी जाऊन आलं असेल तर जरूर सांगा.

टोरांटोकर

खाडीकाठची ताई, आमच्याकडून थेट विमान असल्याने हिवाळ्यात बऱ्याचदा जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वार बघा, मग ठिकाण. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे, पण कुठल्या वारी कुठे मासे तळायचे हे तिथे वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. तुमचं बुधवार ते सोमवार म्हणजे नशीबच म्हणायचं, गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही हाती लागतात.

गुरुवारी दुपारी मार्टिन्स बे. पूर्व किनाऱ्यावरचं, सेंट जॉन परगण्यातलं कोळ्यांचं छोटं गाव. तिथल्या बे टॅव्हर्नमध्ये गुरुवारचं माशांचं जेवण प्रसिद्ध आहे. राजधानी ब्रिजटाउनमधली ऑफिसातली मंडळीसुद्धा गाड्या काढून येतात. समोर अटलांटिक खवळलेला असतो, पोहायची जागा नाही. खा, वारा घ्या, निघा. उशिरा पोचलात तर चांगला मासा संपलेला असतो, त्यामुळे बाराच्या आसपास जा.

शुक्रवारी ऑइस्टिन्स. जत्रा आहे हे खरं, पण ती उभी आहे चालू मासळी बाजाराच्या शेजारी. बेरिंडा कॉक्स फिश मार्केट तिथेच आहे. माझा सल्ला असा की आईंना आधी, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळच्या गर्दीत नव्हे तर गुरुवारी किंवा शुक्रवारी दिवसा, त्या बाजारात घेऊन जा. उडणाऱ्या माशाचे काटे काढणाऱ्या बायका बघत राहाव्यात अशा आहेत. मासा हातभरही नसतो आणि काटे बारीक, पण हात इतका सराईत की सुरी फिरताना दिसत नाही. आपल्या कोळणींना टक्कर देतील. आईंचा वेळ मजेत जाईल.

रात्रीचं म्हणाल तर अंकल जॉर्ज आणि पॅट्स प्लेस ही दोन नावं सगळे घेतात आणि रांगाही तिथेच सर्वांत लांब. रांग लांब म्हणजे मासा पटापट उठतोय, हा त्यातला फायदा. पण बाजूच्या टपऱ्या वाईट आहेत असं समजू नका. काउंटरवर एकच विचारा: आज काय आलंय? उत्तर पटकन आलं तर बसा. फळ्यावर सगळेच मासे लिहिलेले असतात, होड्यांनी सगळे आणलेले नसतात.

काय मागवायचं: निखाऱ्यावर भाजलेला मार्लिन, स्वोर्डफिश, किंवा 'डॉल्फिन' लिहिलेला मासा. दचकू नका, तो खरा डॉल्फिन नव्हे, माहीमाही नावाचा मासा असतो. किंगफिश असेल तर आई खूश, सुरमईच्या घराण्यातलाच आहे. आधी लिंबू-मीठ लावून धुतात, मग थाइम, मार्जोरम, कांद्याची पात, लसूण आणि स्कॉच बॉनेट मिरची यांचं हिरवं वाटण चोळतात. सोबत मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), राइस अँड पीज, भाजलेलं नीरफणस किंवा तळलेलं पिकलं केळं. मॅकरोनी पाय मला कधीच झेपला नाही. नीरफणस मात्र सोडू नका.

टेबलावरच्या पिवळ्या बाटलीला कमी समजू नका. मोहरी आणि हळद घातलेला मिरचीचा सॉस असतो. रंग सोज्वळ, पण सॉस चांगलाच तिखट.

ओलं_खोबरं

वरचं सगळं मान्य. फक्त मुलगा सहा वर्षांचा आहे म्हणून एक: मार्लिन, स्वोर्डफिश आणि किंग मॅकरल हे मोठे शिकारी मासे, त्यांच्यात पारा जास्त साठतो. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्याच्या यादीत हे तिन्ही लहान मुलांना आणि गरोदर बायकांना टाळायला सांगितलेत. माहीमाही त्या मानाने बराच बरा. मुलासाठी तोच घ्या. मोठ्यांनी एखाद्या दिवशी मार्लिन खाल्ला म्हणून काही बिघडत नाही.

अर्धा_डाव

आम्ही २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपसाठी गेलो होतो. २९ जूनला केन्सिंग्टन ओव्हलवर आपण दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवलं आणि १ जुलैला बेरिल वादळ आलं. विमानतळ बंद, टीम इंडिया अडकली, आम्हीही अडकलो. खिडकीतून माडांकडे बघत बिस्किटं खाणे हा कार्यक्रम.

खाण्याशी संबंध असा की त्या वादळाने तिथल्या मासेमारीच्या होड्यांची फार नासधूस केली. ब्रिजटाउनच्या बंदरात एकमेकींवर आदळून कित्येक फुटल्या, काही बुडाल्या. तेव्हा एखाद्या टपरीवर 'आज नाही' म्हणाले तर चिडू नका.

सामन्याच्या दिवशी सकाळी आम्ही कझ्झ फिश शॅकवर खाल्लं होतं. पेबल्स बीचच्या वाहनतळावरची टपरी, ओव्हलपासून फार लांब नाही. तिथे मिळतो 'कटर': सॉल्ट ब्रेड नावाच्या पावात तळलेला मासा, वर चीज, लेट्युस आणि तो पिवळा सॉस. हातात घ्या, वाळूत बसा. आमच्या ग्रुपमधला कट्टर पुणेकरसुद्धा दुसऱ्यांदा रांगेत लागला. चीज मात्र माशावर मला पटत नाही, न घालता मागता येतं.

खाडीकाठची

वा, इतक्या लवकर इतकं! टोरांटोकर, बाजाराची कल्पना आईला वाचून दाखवली, तिने लगेच विचारलं की घासाघीस चालते का. :)

पण उडणाऱ्या माशाचं राहिलंच. आणि तो बेटाचा राष्ट्रीय पदार्थ, कू-कू, त्याच्यासोबतच खातात ना? कुठे चांगला मिळतो?

टोरांटोकर

घासाघीस नाही. हसतील आणि मग त्याच भावात देतील.

कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेला प्रकार, आपल्या उकडीच्या जवळचा. चपट्या लाकडी दांड्याने सतत घोटावं लागतं, गुठळी झाली की गेलं. त्यावर उडणारा मासा, कांदा-टोमॅटो-थाइमच्या रश्शात मंद शिजवलेला. तळलेलाही मिळतो, पण पहिल्यांदा खाताय तर रश्शातलाच घ्या. कू-कू ही घरची, शुक्रवारच्या दुपारची गोष्ट. ऑइस्टिन्सच्या निखाऱ्यांवर ती शोधू नका, तिथला तो पदार्थ नव्हे.

माझी शिफारस स्पाइट्सटाउनचं फिशरमन्स पब. वायव्य किनाऱ्यावर, पाण्याला लागूनच. काउंटरवर जाऊन बोट दाखवायचं, ताटात वाढून देतात. पांढरे टेबलक्लॉथ नाहीत, फुलं तर नाहीतच. शुक्रवारी दुपारी हे आणि रात्री ऑइस्टिन्स असा बेत पोटाला जड जाईल, म्हणून इथे शनिवारी गेलात तरी चालेल. कू-कू आहे का ते आधी विचारून घ्या.

आता या माशाबद्दल थोडं. त्यांच्या एक डॉलरच्या नाण्यावर तोच आहे. डिसेंबर ते जून हा त्याचा हंगाम, म्हणजे मे महिन्यात तुम्ही वेळेत आहात. पण अलीकडे त्याचा भरवसा राहिलेला नाही. २०११ पासून सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ लोंढ्याने येतं, जाळ्यात अडकतं, होड्यांची वाट अडवतं. त्यात हा मासा त्रिनिदाद-टोबॅगोच्या पाण्यात जातो आणि तिथे बार्बाडोसच्या कोळ्यांनी जायचं की नाही हा वाद थेट आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला होता. २००६ मध्ये निकाल लागला आणि तिकडे मासेमारीचा हक्क बार्बाडोसला मिळाला नाही. त्यामुळे कुठे गोठवलेला मासा वाढला तर तो फसवणूक समजू नका, पण 'ताजा की फ्रोझन' हे जरूर विचारा. खरं सांगतात.

शनिवारचा एक इशारा: त्या दिवशी सगळीकडे 'पुडिंग अँड सूस' लिहिलेलं दिसेल. पुडिंग वाचून मुलाला गोड म्हणून मागवाल. ते लोणच्यासारखं मुरवलेलं पोर्क आणि रताळ्याचं सारण असतं.

वाशीवाली

गाडीवाचून कसं फिरायचं ते मी सांगते, आम्ही तसेच फिरलो. दक्षिण किनाऱ्याच्या रस्त्यावर झेडआर लिहिलेल्या पांढऱ्या व्हॅन सतत धावतात. ११ नंबरची सिल्व्हर सँड्सकडे जाते आणि ऑइस्टिन्सवरून जाते. भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर. गाणी कानठळ्या बसवणारी आणि माणसं कोंबून भरलेली, आईंना झेपत नसेल तर निळी सरकारी बस घ्या. तिच्यात सुटे पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका.

मार्टिन्स बेला मात्र टॅक्सी करा. मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा, परतीचंही. आणि ते कुठल्या डॉलरमध्ये आहे हेही विचारा: दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन, हा दर ठरलेला आहे. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वर वेगळी टीप द्यायची गरज नाही.

शुक्रवारच्या ऑइस्टिन्सबद्दल मी जरा वेगळ्या मताची. आठनंतर गर्दी, स्पीकर आणि धूर. वयस्कर माणसाला घेऊन साडेसहाला जा, बसायला जागा मिळेल, गरम जेवा. मग राहवलं तर एका कोपऱ्यात तिथली वयस्कर जोडपी जुन्या गाण्यांवर बॉलरूम नाचतात ते बघा. पर्यटकांसाठी नाही, स्वतःसाठी नाचतात. मला जेवणापेक्षा तेच आवडलं.

अवांतर: मुलाची लष्करी छापाची टोपी किंवा चड्डी असेल तर घरीच ठेवा. तिथे सामान्य माणसांनी, मुलांनीसुद्धा, तसे कपडे घालणं बेकायदा आहे.

अर्धा_डाव

+१ टोपीबद्दल. आमच्यातल्या एकाला विमानतळावरच काढायला लावली.

आणि फिश केक राहिले की! खारवलेल्या कॉडचे वडे. पावात दोन घातले की 'ब्रेड अँड टू'. मुलाला नक्की आवडतील. आईंना 'मॉबी' पाजून बघा, झाडाच्या सालीचं कडू सरबत. आवडलं तर इथे कळवा, मला ते आवडणारी पहिली मराठी व्यक्ती भेटेल.

खाडीकाठची

सगळ्यांचे आभार. सध्याचा बेत: गुरुवारी सकाळी ऑइस्टिन्सचा बाजार, तिथून टॅक्सीने मार्टिन्स बे. शुक्रवारी दुपारी कटर, संध्याकाळी साडेसहाला ऑइस्टिन्स. शनिवारी स्पाइट्सटाउन. आई म्हणते काढ्याची सवय आहे, मॉबी आण.

रविवार रिकामा आहे. दक्षिण किनाऱ्यावर रविवारी दुपारी काय उघडं असतं, कोणी सांगेल का?

वाशीवाली

रविवारी बरंच बंद असतं, पण ऑइस्टिन्सच्या काही टपऱ्या चालू असतात आणि गर्दी अगदी कमी. आईंना शुक्रवारी आवडलेली टपरी लक्षात ठेवा आणि ती रविवारी उघडी असते का ते तेव्हाच विचारून ठेवा.