पासवर्ड नंतर, आधी डिस्क बघा

मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरला जोडता येत नाही, या प्रश्नावर 'एरर 2002 आला की रूटचा (मुख्य खात्याचा) पासवर्ड रीसेट करा' हे वर कोणीतरी सुचवलंय ते पटलं नाही. पासवर्ड चुकला तर एरर 1045 येतो. 2002 म्हणजे आपण सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही. सर्व्हरचा पत्ता म्हणून लोकलहोस्टऐवजी (दोन्हीचा अर्थ 'हेच मशीन') 127.0.0.1 टाकून बघा, हा दुसरा सल्ला मात्र बरोबर. लिनक्सवर लोकलहोस्ट म्हटलं की मायएसक्यूएल सॉकेट फाइल (त्याच मशीनवर सर्व्हरशी बोलायची खास फाइल) शोधतं, आकडे दिले की टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने जातं.

पण सर्व्हरच उठत नसेल तर दोन्ही व्यर्थ. मे महिन्यात आमच्याकडे धरमपेठेत भर दुपारी लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली (त्याच्यावर कूलर लावायचा नसतो, हे घरच्यांना कोण सांगणार). लाइट आल्यावर उबुंटू सुरू, मायएसक्यूएल बंद. दोन तास सॉकेटच्या मागे घालवले भाऊ! शेवटी डिस्क किती भरली ते दाखवणारी 'डीएफ -एच' कमांड मारली, तर रूट पार्टिशन (डिस्कचा मुख्य भाग) 100 टक्के भरलेलं. मायएसक्यूएलच्या आवृत्ती 8.0 मध्ये बायनरी लॉग (डेटामधल्या बदलांची नोंद) आपोआप चालू असतो आणि 30 दिवस साठून राहतो; त्यात माझी रोज डेटा भरणारी इम्पोर्टची स्क्रिप्ट भर घालत होती. एपीटीचा कॅश (उबुंटूने साठवलेल्या इन्स्टॉलच्या फाइली) साफ करून थोडी जागा केली तेव्हा कुठे सर्व्हर उठला, मग मायएसक्यूएलच्याच 'पर्ज बायनरी लॉग्ज' कमांडने जुने लॉग काढले. त्या फाइली हाताने 'आरएम' करू (उडवू) नका, लॉगची यादी ठेवणाऱ्या इंडेक्स फाइलशी मेळ बिघडतो.