ओएससाठी पैसे मोजून गूगलपासून सुटायचंय, रोजच्या वापरात कोणी असं करतंय का?

कोथरूडची_कटकट

नमस्कार मंडळी. माझ्या फोनला अपडेट यायचे बंद झालेत, नवीन घ्यावाच लागणार, तर याच निमित्ताने गूगलच्या कचाट्यातून थोडं तरी बाहेर पडावं असं बरेच दिवस डोक्यात आहे. वाचून वाचून ओएसच्या, म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, तीन पर्यायांवर आलेय. एक सेलफिश, ते सोनीच्या ठरावीक फोनवर टाकता येतं पण पूर्ण हवं तर लायसन्स विकत घ्यावं लागतं. दुसरा म्युरेना, म्हणजे अँड्रॉइडमधून गूगल काढून केलेलं ई-ओएस आधीच टाकलेला फोन. तिसरा पिक्सेल घेऊन त्यावर ग्राफीनओएस, ते फुकट आहे.

पैसे द्यायला माझी ना नाही. पण नवरा म्हणतो फुकट मिळतंय तर पैसे कशाला, आणि ज्याचे पैसे घेतात ते उद्या बंद पडलं तर दाद कुणाकडे मागणार? याला माझ्याकडे उत्तर नाहीये. आणि मुख्य म्हणजे भाजी, रिक्षा, मुलाच्या क्लासची फी, सगळं यूपीआयवर चालतं. फोन महिनाभर छंद म्हणून नाही, पाच-सहा वर्षं वापरायचाय. रोज वापरणाऱ्यांनीच सांगा, यूट्यूबवरचं सगळं बघून झालंय.

म्युनिकचा_मावळा

मी सेलफिशवाला. एक्सपीरिया १० थ्री आहे, लायसन्स ४९.९० युरोला घेतलं. फुकटची आवृत्ती पण मिळते पण तिच्यात अँड्रॉइड ॲप चालवायची सोय नसते, खरं तर पैसे त्याचेच घेतात. ही कंपनी योला, फिनलंडची, नोकियाने आपलं मीगो नावाचं ओएस गुंडाळलं तेव्हा तिथल्या लोकांनी बाहेर पडून २०११ मध्ये काढली. वापरायला इतकं छान आहे की दुसऱ्याचा फोन हातात घेतला तरी माझा अंगठा कडेवरून सरकायला जातो.

पण ताई, माझं इथे निभतं याचं कारण वेगळंच आहे. माझी इथली बँक कार्ड घालायचं एक छोटं यंत्र देते, स्क्रीनवरचा कोड त्याने वाचायचा, तो आकडा देतो, झालं ट्रान्सफर. म्हणजे फोनवर बँकेचं ॲप नसलं तरी माझं काही अडत नाही. तुमच्याकडे सगळा जीव यूपीआयच्या ॲपमध्ये. सुट्टीत मी नाशिकला येतो तेव्हा खिशात आईचा जुना अँड्रॉइड असतो, नाहीतर चहाचे पैसे द्यायची पंचाईत.

अजून एक, सेलफिश टाकायचं तर बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना ओएस सुरू करणारा भाग, त्याचं कुलूप उघडावं लागतं आणि ते उघडंच राहतं. फोन चोरीला गेला तर हे लक्षात ठेवा. आणि फोरजीवरून कॉल लागणं हे ऑपरेटरवर अवलंबून, जिओला तर टूजी-थ्रीजी नाहीच, म्हणजे ते जमलं नाही तर फोन असून फोन नाही. तुम्हाला मी सेलफिश सुचवणार नाही, मला कितीही आवडत असलं तरी.

जुना_फ्लॅशर

पाच-सहा वर्षं म्हणताय म्हणून जरा मागचं सांगतो, कारण हे सगळं आपल्याकडे आधी होऊन गेलंय आणि लोक विसरलेत.

हाच योलाचा फोन २०१४ मध्ये स्नॅपडीलवर १६,४९९ ला मिळत होता. मग २०१६ ला इंटेक्सने सेलफिशवाला ॲक्वा फिश काढला ५,४९९ ला. आज दोन्ही कुणाला आठवत नाहीत. त्याच २०१४ मध्ये फायरफॉक्स ओएसचा इंटेक्स क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांत आला आणि २०१५ च्या डिसेंबरात मोझिलाने फोनसाठीचं काम थांबवतो म्हणून जाहीरच केलं. गंमत म्हणजे त्याच कोडमधून पुढे कायओएस निघालं आणि ते जिओफोनमधून एवढ्या हातांत गेलं की फायरफॉक्स ओएसवाल्यांनी स्वप्नातही बघितलं नसेल. सॅमसंगचा टायझेन ओएसवाला झेड१ पण आधी इथेच आला होता, २०१५ ला, ५,७०० रुपये.

आणि सायनोजेन! वनप्लस वन इथे आला सायनोजेन हे अँड्रॉइडवर बांधलेलं ओएस घेऊन, पण त्या कंपनीने भारतातले हक्क मायक्रोमॅक्सच्या यू ब्रँडला देऊन ठेवलेले, मायक्रोमॅक्स दिल्ली हायकोर्टात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये काही दिवस वनप्लसची विक्रीच थांबली. लोकांनी इन्व्हाइट मिळवून मिळवून फोन घेतले होते हो! त्यातूनच पुढे वनप्लसने स्वतःचं ऑक्सिजनओएस काढलं. २०१६ संपता संपता सायनोजेन कंपनीने सर्व्हिस बंद केल्या. पण कोड उघडा होता, तो उचलून लोकांनी लिनिएजओएस केलं, ते आजही चालू आहे, फुकट.

तेव्हा तुमच्या मिस्टरांना सांगा, पैसे घेणारे पण बुडाले आणि फुकटवाले पण. डायव्हेस्टओएस एकच माणूस सांभाळत होता, २०२४ च्या डिसेंबरात त्याने थांबवलं. कॅलिक्सओएसच्या मागे तर संस्था होती, तरी २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी काम थांबवलं आणि वापरणाऱ्यांना दुसरीकडे जा म्हणाले. मी आता फोन घेताना एकच बघतो, हे उद्या बंद पडलं तर कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर घरबसल्या परत टाकता येतं का. पिक्सेलला गूगलच्या साइटवरून ब्राउझरमधूनच येतं, सोनीचं पण स्वतःचं टूल आहे. काही कंपन्या मात्र बूटलोडर उघडायलाच इतकं रडवतात की नको.

कोथरूडची_कटकट

बापरे, यातलं अर्धं मला माहीतच नव्हतं, धन्यवाद. म्हणजे सेलफिश बाद. म्युरेनाचं कोणी सांगेल का, आणि ग्राफीनवर बँकेची ॲप खरंच चालतात का? याची उत्तरं नेटवर दोन टोकांची आहेत.

सांगलीची_पिक्सेलवाली

दोन टोकांची आहेत कारण दोन्ही खरी आहेत 😄 मी ग्राफीनवर आहे, पिक्सेल ८. टाकायला काही विशेष नाही, केबल लावायची, त्यांची साइट उघडायची, एकेक बटण दाबत जायचं, आणि शेवटी बूटलोडर परत लॉक होतो, हा सेलफिशपेक्षा मोठा फरक. गूगल प्ले हवं असेल तर ते साध्या ॲपसारखं पिंजऱ्यात चालतं, त्याला विशेष हक्क काही नसतात.

आता बँका. बऱ्याच ॲप गूगलला विचारतात की हा फोन खरा आहे का, त्याला प्ले इंटिग्रिटी म्हणतात. ग्राफीन त्यातली खालची पायरी पास होतं, वरची नाही, कारण वरचीसाठी गूगलने मान्य केलेली ओएस लागते. फोन सुरक्षित आहे की नाही हा प्रश्न तिथे नसतोच, तीन-चार वर्षं अपडेट न मिळालेला कंपनीचा फोन पण पास होऊ शकतो आणि माझा दर महिन्याला पॅच मिळणारा नापास. ज्या बँकेने वरची पायरी मागितली तिचं ॲप उघडणारच नाही, जिने मागितली नाही तिचं चालेल. आणि आज चालतंय म्हणून उद्या चालेलच असं नाही. माझ्या एका बँकेचं ॲप छान चाललं होतं, एका अपडेटनंतर बंद. कस्टमर केअरला फोन केला तर "मॅडम, फोन रूट केलाय का" एवढं एकच वाक्य त्यांना येत होतं. दुसऱ्या बँकेचं अजून चालतंय.

माझी व्यवस्था अशी की नेटबँकिंग ब्राउझरमधून, ओटीपी एसएमएसने, त्याला काही प्रॉब्लेम नाही. यूपीआयसाठी एक स्वस्तातला साधा अँड्रॉइड, त्यात बँकेला जोडलेल्या नंबरचं सिम. ते सिम त्याच फोनमध्ये लागतं, कारण नोंदणीचा एसएमएस तिथूनच जातो. त्या फोनवर दुसरं काहीही नाही, ना फोटो ना कॉन्टॅक्ट. आणि त्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे. दोन फोन सांभाळायचा कंटाळा येतो, खोटं नाही बोलणार.

मराठी टायपिंगसाठी इंडिक कीबोर्ड टाका, ओपन सोर्स आहे, इंग्रजी अक्षरांतून मराठी येतं.

आळशी_उंट

आणि ते भारओएस कुठे गेलं? २०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासमध्ये तयार झालेलं म्हणून दोन केंद्रीय मंत्र्यांनी हातात धरून दाखवलं होतं. मी तेव्हापासून थांबलोय 😂

जुना_फ्लॅशर

@आळशी_उंट ते पण अँड्रॉइडच्या उघड्या कोडवरच बांधलेलं होतं रे. दुकानात जाऊन घेता येत नाही तोवर आपल्याला काय त्याचं.

हिशोबी_काका

म्युरेनाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी. माझा मुलगा फ्रान्समध्ये वापरतो. मँड्रेक लिनक्स काढणारा गाएल दुव्हाल, त्याचंच हे. गूगलच्या सर्व्हिसच्या जागी मायक्रोजी नावाचं उघड्या कोडचं सॉफ्टवेअर असतं, दिसायला सोपं, डोकं न लावता वापरता येतं. पण इकडे मागवला तर कस्टम ड्युटी भरा आणि बिघडला तर परत तिकडेच पाठवा. फोनच्या किमतीवर अजून तेवढाच मनस्ताप.

आता पैशाचं. योलाने २०१४ मध्ये टॅबलेटसाठी लोकांकडून आधीच पैसे गोळा केले, ३.८ लाख डॉलर मागितले होते आणि त्याच्या कितीतरी पट आले. पुढच्या वर्षी कंपनी अडचणीत आली, बऱ्याच लोकांना टॅबलेट मिळालाच नाही आणि पैसे परत मिळवायला पण झगडावं लागलं. तर नियम असा करा की जे आत्ता हातात मिळतंय त्याचेच पैसे द्यायचे, जे पुढे येणार आहे त्याचे नाही. लायसन्सचे ४९.९० युरो देणं यात बसतं, आगाऊ बुकिंग नाही बसत.

आणि ग्राफीन फुकट आहे म्हणून फुकटच वापरायचं असं नाही ना. ते देणग्यांवर चालतं, कॅनडात त्यांची ना-नफा संस्था आहे. म्युरेना मागवायला जी ड्युटी भरली असती त्यातला चौथा हिस्सा त्यांना वर्षाला द्या. आपण महिन्याला ओटीटीला किती घालतो ते बघा एकदा.

म्युनिकचा_मावळा

काकांना +१. फक्त योलाची बाजू म्हणून सांगतो, मधे त्यांच्यात रशियन पैसा होता, युक्रेन युद्धानंतर ते सगळं निस्तरावं लागलं, २०२३ मध्ये जुन्याच मॅनेजमेंटने धंदा विकत घेऊन चालू ठेवला. आणि एवढ्या भानगडीत माझ्या फोनला अपडेट येतच राहिले. छोटी कंपनी म्हणजे बुडणारच असं धरून चालू नका.

कोथरूडची_कटकट

ठरलं मग. पिक्सेल ८ किंवा ८ए बघते, बाजारात आल्यापासून ७ वर्षं अपडेट आहेत म्हणजे माझं गणित जेमतेम बसतं. जुना फोन टाकून न देता यूपीआयसाठी ठेवावा म्हणत होते, पण त्याला अपडेट नाहीत, तर तो नको ना वापरायला?

सांगलीची_पिक्सेलवाली

नको, ज्यात पैसे आहेत तोच फोन जुना ठेवलात तर उलटंच झालं. त्यासाठी नवीन स्वस्तातला घ्या, अपडेट किती वर्षं देणार ते डब्यावर नाही तर कंपनीच्या साइटवर बघून. आणि पिक्सेल घेताना बूटलोडर उघडता येतो का ते आधी तपासा, परदेशातल्या मोबाइल कंपन्यांनी विकलेले काही सेकंडहँड इकडे येतात त्यात ते कुलूपबंद असतं, मग ग्राफीन टाकताच येत नाही. दुकानातच सेटिंग्जमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स चालू करायचे, वायफाय लावायचं आणि ओईएम अनलॉकिंग दाबून बघायचं. ते फिकट दिसत असेल आणि दाबलंच जात नसेल तर फोन परत काउंटरवर.