बायबलमधल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचं काय मग?
बायबलच्या हस्तलिखितांतले फरक म्हणजे ती उतरवून काढणाऱ्यांच्या डुलक्या असं म्हणतात, बऱ्याच ठिकाणी खरंय ते, पण यिर्मयाला लागू होत नाही. सेप्टुअजिंट म्हणजे जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर, त्यातला यिर्मया हिब्रूपेक्षा साधारण एक अष्टमांशाने लहान आहे, शिवाय परराष्ट्रांविरुद्धची भविष्यवचनं हिब्रूत शेवटाकडे, ४६ ते ५१ अध्यायांत येतात ती ग्रीकमध्ये २५व्या अध्यायातच सुरू होतात. एवढं डुलकीत होतं का! पूर्वी बरेच जण ग्रीक भाषांतरकारानेच काटछाट केली म्हणायचे, पण मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत हिब्रू यिर्मयाचे तुकडे मिळाले त्यात काही हिब्रूच्या मोठ्या पाठाशी (मजकुराशी) जुळतात तर काही चक्क ग्रीकसारख्या छोट्याशी, म्हणजे छोटा पाठ हिब्रूतच होता. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचा, फक्त अध्यायांचे नंबर जुळत नाहीत, कुठला अध्याय कुठे आहे त्याचा तक्ता लागेल.