पेट्राला मुक्काम असलेलीच सहल घ्या

जॉर्डनच्या दोन सहलींपैकी राजधानी अम्मानहून एका दिवसात पेट्रा हे खडकात कोरलेलं प्राचीन शहर उरकणारी स्वस्त पडते म्हणून तीच घ्यायचा तुमचा विचार दिसतोय. कळकळीने सांगतो, ती नका घेऊ. एका बाजूचा प्रवासच तीन तासांचा. मग 'सिक' ही सव्वा किलोमीटरची चिंचोळी घळ चालून 'खजिना' म्हणतात त्या कोरीव वास्तूसमोर फोटो काढले की लगेच बसकडे पळापळ.

त्या घळीच्या भिंतीत हाताच्या उंचीवर पेट्राच्या प्राचीन रहिवाशांनी, नाबातियनांनी, पाण्यासाठी कोरलेले पन्हळ आहेत. वाळवंटात एवढं शहर जगलं ते त्या पाण्यावर. तिथे थांबवून समजावणारा गाइड हवा. डोंगरावरच्या 'अद-दैर' या कोरीव वास्तूकडे जाणाऱ्या सुमारे 800 पायऱ्या तर सावकाशच चढाव्यात. इथल्या वास्तूंचे दर्शनी भाग वरून खाली कोरत आणलेत, अगदी आपल्या वेरूळच्या कैलासासारखे!

म्हणून पेट्राला लागून असलेल्या वादी मूसा गावात दोन रात्री आणि वादी रमच्या वाळवंटात एक रात्र देणारी सहल बघा. जेराशच्या रोमन अवशेषांना अर्धा दिवस पुरतो.

आणखी एक, पैसे भरण्याआधी पेट्राचं तिकीट सहलीच्या दरात आहे का ते विचारा. नसेल तर निघण्यापूर्वीच जॉर्डन पास काढा. त्यात पेट्राचा प्रवेश येतो, आणि देशात किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाचं शुल्कही वाचतं.