सिनेमा उतरला म्हणजे ती फसली?

'नटीनं स्वतः सिनेमा काढला, आठवड्यात थिएटरातून उतरला, म्हणजे फसली' हे इथं कुणीतरी मांडलेलं मत मला मुळीच पटत नाही. अभिनेत्री दुर्गा खोटे बघा. 'अयोध्येचा राजा' (१९३२) मुळे नाव झालं होतं, तरी त्याच दशकात 'साथी'ची निर्मिती अंगावर घेतली. पुढे जाहिरातपट, लघुपट. १९८८ची 'वागळे की दुनिया' ही टीव्ही मालिकासुद्धा त्यांच्याच संस्थेची.

आमच्या खानापूरकडं यात्रेतल्या नाटकांत काम करणाऱ्या एका मुलीनं मोबाइलवर लघुपट केलाय. आवाज फाटतो, पण आई भाकरी थापते तो लांबलचक शॉट तिनं कापला नाही. सगळे काप म्हणत होते! ती हिंमत तिकीटबारीवर कशी मोजणार? तिला पुढचा लघुपट करायला मिळावा, एवढं मनापासून वाटतं. बेळगावात कुणी एडिटिंग शिकवत असेल तर इथं जरूर कळवा.